क्रीडांगणावरील मूक निषेध



“खेळांत राजकारण आणूं नये,” हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलेलें आहे कीं, तें खरें कीं खोटें हें पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाहीं. “जेवतांना भांडूं नये” असें घरांतील वडील मंडळी सांगतात, त्याच जातीचें हें वाक्य आहे. त्यांत शहाणपण आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु पंक्तींत एकाच्या पानावर पक्वान्न आणि दुसऱ्याच्या पानावर उष्टें वाढलेलें असेल, तर भांडण जेवतांना सुरू झालें कीं वाढतांना, हा प्रश्न उरतोच. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या प्रसंगीं खेळाडूनें राजकीय निषेध प्रकट करावा कीं करूं नये, या वादाकडे आज मी याच बाजूनें पाहणार आहें.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घेऊं. दोनशें मीटरची शर्यत पुरी व्हावयास सुमारें वीस सेकंद लागतात. त्या वीस सेकंदांत धांवणाऱ्याचा देश, धर्म किंवा वर्ण धांवत नसतो. धांवतात ते त्याचे पाय. पण शर्यत संपते आणि थोड्या वेळानें त्याच माणसास तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभें करण्यांत येतें. त्याच्यासमोर एका राज्याचा ध्वज वर चढतो आणि त्या राज्याचें गीत वाजूं लागतें. ही व्यवस्था खेळाडूनें केलेली नसते. पदक त्यानें मिळविलें. ध्वज आणि गीत हीं त्यास जोडून देण्यांत आलीं. उद्घाटनाच्या दिवशीं जें संचलन होतें, तेंही राष्ट्रवार पथकांचेंच असतें.

ही व्यवस्था वाईट आहे, असें माझें म्हणणें नाहीं. १९४८ सालीं १२ ऑगस्ट रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर भारताच्या हॉकी संघानें ग्रेट ब्रिटनच्या संघाचा ४-० असा पराभव केला, तेव्हां स्वातंत्र्यास एक वर्ष पुरें व्हावयास तीन दिवस उणे होते. ज्यांचें राज्य आपल्यावर होतें त्यांच्याच राजधानींत, त्यांच्याच संघास जिंकून, आपला तिरंगा वर चढला. तें ऐकून ज्या भारतीयाचा कंठ दाटून आला असेल, त्याचा तो निव्वळ हॉकीच्या प्रेमानें खास दाटला नव्हता. तेंही राजकारणच; पण आनंदाचें, म्हणून त्यास कोणी तें नांव दिलें नाहीं. ध्वज पाहून मान उंच करणारा खेळाडू आपणांस राजकारणी वाटत नाहीं. ध्वज पाहून मान खालीं घालणारा मात्र तात्काळ वाटतो. वस्तुतः न मागतां पुढें आलेल्या एकाच गोष्टीला ते दोघेही उत्तर देत असतात.

हॉकीच्याच इतिहासांत आणखी बारा वर्षें मागें जाऊं. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमधील अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हावयाचा होता. पावसामुळें तो दुसऱ्या दिवसावर गेला. जर्मनीच्या संघानें आधीं एका सरावाच्या सामन्यांत भारतास ४-१ असें हरविलेलें असल्यामुळें आपले खेळाडू चिंतेंत होते. मैदानावर जाण्यापूर्वीं, कपडे बदलण्याच्या खोलींत, संघाबरोबर असलेल्या पंकज गुप्ता यांनीं काँग्रेसचा तिरंगी ध्वज बाहेर काढला. सर्वांनीं त्यास वंदन केलें आणि मगच संघ बाहेर पडला. ही हकीकत कर्णधार ध्यानचंद यांनीं स्वतः आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवली आहे. सामना भारतानें ८-१ असा जिंकला. मैदानावर त्यांचा म्हणून जो ध्वज होता, तो साम्राज्य सरकारचा. मनांतील ध्वज खोलीच्या आंतच राहिला. ही गोष्ट आज आपण अभिमानानें सांगतों. मग तेंच वंदन त्यांनीं दार उघडून चारचौघांसमक्ष केलें असतें, तर त्यांनीं खेळ बाटविला असें आपण म्हटलें असतें काय?

दार लावून घेण्याची सोयच ज्यास नव्हती, असा एक तरुण त्याच बर्लिनमध्यें सहा दिवस आधीं धांवला होता. कोरिया त्या काळीं जपानच्या अंमलाखालीं होता. सोन की-जुंग या कोरियन तरुणानें मॅरॅथॉनची शर्यत २ तास २९ मिनिटें १९ सेकंदांत जिंकली. परंतु दप्तरीं त्याचें नांव जपानी वळणानें ‘सोन कितेई’ असें लिहिलेलें होतें आणि छातीवर जपानचें सूर्यबिंब होतें. तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. जपानचें गीत सुरू होतांच दोघांनींही माना खालीं घातल्या. त्या सामन्यांत विजेत्यास ओक वृक्षाचें एक लहानसें रोप देत असत. सोननें तें छातीशीं अशा बेतानें धरलें कीं अंगावरील बिंब झांकलें जावें. नामच्या हातीं रोप नव्हतें. सोनच्या सुवर्णपदकापेक्षां त्या रोपाचाच आपणांस हेवा वाटला, असें तो पुढें सांगत असे म्हणतात. तिकडे कोरियांत ‘डोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्रानें सोनचें छायाचित्र छापतांना छातीवरील बिंब पुसून टाकलें. त्याबद्दल पत्रांतील कांहीं माणसांस अटक झाली आणि पत्र सुमारें नऊ महिने बंद राहिलें. निषेध एवढाच: एका कुंडीनें झांकलेलें आणि एका कुंचल्यानें पुसलेलें चिन्ह. १९८८ सालीं सेऊल येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां म्हातारा झालेला सोन हातांत ज्योत घेऊन, लहान मुलासारखा उड्या मारीत मैदानांत आला.

आतां ज्या प्रसंगानें हा वाद साऱ्या जगांत पेटला, त्याकडे वळूं. १९६८ सालचे सामने मेक्सिको शहरांत १२ ऑक्टोबरला सुरू झाले. त्याच्या दहाच दिवस आधीं, त्याच शहरांतील त्लातेलोल्को भागांत जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर सरकारी सैन्यानें गोळीबार करून अनेकांचे बळी घेतले होते. सामने ठरल्या दिवशीं, थाटानें सुरू झाले. खेळापासून राजकारण दूर ठेवावें, असें सांगणाऱ्या अधिकारी मंडळींस ते थांबवावे असें वाटलें नाहीं.

अमेरिकेंत त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. हॅरी एडवर्ड्स या तरुण प्राध्यापकाच्या पुढाकारानें आदल्या वर्षींच कृष्णवर्णीय खेळाडूंची एक चळवळ सुरू झालेली होती. सामन्यांवर बहिष्कार घालावा असाही विचार तींत झाला, पण तो तडीस गेला नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारून वागावें असें ठरलें. १६ ऑक्टोबर रोजीं दोनशें मीटरच्या अंतिम शर्यतींत टॉमी स्मिथ हा १९.८३ सेकंदांत पहिला आला. तो जागतिक विक्रम होता. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन २०.०६ सेकंदांत दुसरा आणि अमेरिकेचाच जॉन कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा आला. स्मिथ आणि कार्लोस चौथऱ्यावर आले ते जोडे न घालतां, नुसत्या काळ्या मोज्यांनीं, आपल्या लोकांचें दारिद्र्य दाखविण्याकरितां. हातमोज्यांची जोडी एकच होती, कारण कार्लोस आपली विसरून आला होता. दोघांनीं एकेक घालावा, अशी तोड नॉर्मननें सुचविली. म्हणूनच त्या जगप्रसिद्ध छायाचित्रांत एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा हात वर दिसतो. गीत वाजत असतां त्यांनीं माना खालीं घातल्या आणि काळ्या हातमोज्यांतील मुठी वर धरल्या. एक शब्द कोणी बोललें नाहीं. गीत संपलें आणि ते खालीं उतरले, तेव्हां प्रेक्षकांतून धिक्काराचे आवाज उठले.

नॉर्मनचा विचार मात्र लोक फारसा करीत नाहींत. हा गोरा तरुण मुक्तिफौजेच्या संस्कारांत वाढलेला होता. आपण काय करणार आहोंत हें त्या दोघांनीं त्यास आधीं सांगितलें आणि मानवी हक्कांवर तुझा विश्वास आहे काय, असें विचारलें. त्यानें ‘आहे’ म्हटलें; एवढेंच नव्हे, तर त्यांच्या चळवळीचा बिल्ला आपणांसही हवा म्हणून मागितला. पॉल हॉफमन नांवाच्या अमेरिकन नौकापथकांतील गोऱ्या खेळाडूनें आपल्या अंगावरचा काढून त्यास दिला. नॉर्मननें मूठ उगारली नाहीं, मान खालीं घातली नाहीं. तो सरळ समोर पाहत उभा राहिला, छातीवर तो बिल्ला लावून. मला स्वतःला त्या चित्रांतील सर्वांत विचार करावयास लावणारा माणूस तोच वाटतो. कारण त्याच्या वाट्यास तें दुःख नव्हतें, तरी त्याची किंमत त्यानें पत्करली.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष त्या वेळीं एव्हरी ब्रंडेज हे होते. त्यांनीं स्मिथ व कार्लोस यांस तात्काळ घालवून देण्याचा आग्रह धरला. दोघांस अमेरिकेच्या पथकांतून काढण्यांत येऊन क्रीडाग्राम सोडावें लागलें. हेच ब्रंडेज १९३६ सालीं अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि हिटलरच्या राजधानींतील सामन्यांवर अमेरिकेनें बहिष्कार घालूं नये म्हणून झटले होते. बर्लिनच्या चौथऱ्यावर जर्मन विजेत्यांनीं हात पुढें करून जो नाझी सलाम केला, तो राष्ट्रीय रिवाज म्हणून चालून गेला. मेक्सिकोंतच पुढें दहा दिवसांनीं मुष्टियुद्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या जॉर्ज फोरमन या कृष्णवर्णीय तरुणानें आखाड्यांत अमेरिकेचें लहानसें निशाण फडकावलें. त्याबद्दल त्यास कोणी क्रीडाग्रामांतून घालविलें नाहीं, आणि घालवावयासही नको होतें. माझें म्हणणें इतकेंच कीं, निशाण फडकविण्यास जी मोकळीक, ती मान खालीं घालण्यास कां नसावी?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गाऱ्हाणें खरें कीं खोटें हें कोणीं ठरवावयाचें? आज एक मूठ वर झाली, उद्यां दहा होतील. ज्याचें त्याचें दुःख ज्याला त्याला मोठें. मैदानाचा बाजार व्हावयास किती वेळ? या आक्षेपास उत्तर म्हणून मी त्याच सामन्यांतील दुसरी हकीकत सांगतों. व्हेरा चास्लावस्का ही चेकोस्लोव्हाकियाची व्यायामपटू. स्वातंत्र्यवाद्यांच्या एका प्रसिद्ध जाहीरनाम्यावर तिनें सही केलेली होती. ऑगस्टमध्यें सोव्हिएत फौजा तिच्या देशांत शिरल्या, तेव्हां तिला डोंगरांत लपावें लागलें. तेथें झाडांच्या फांद्यांना लोंबकळून आणि बटाट्यांचीं पोतीं उचलून तिनें सराव चालू ठेवला, आणि मेक्सिकोस येऊन चार सुवर्ण व दोन रौप्य पदकें मिळविलीं. एका प्रकारांत तिचें सुवर्णपदक सोव्हिएत संघाच्या लारिसा पेत्रिकबरोबर विभागून देण्यांत आलें. सोव्हिएत गीत वाजूं लागलें तशी व्हेरानें मान उजवीकडे वळवून खालीं घातली. मायदेशीं परतल्यावर तिला वर्षानुवर्षें काम मिळेना आणि परदेशीं जाण्याची परवानगीही मिळेना.

स्मिथ आणि कार्लोस यांस शिव्या देणाऱ्या कित्येकांनीं व्हेराचें कौतुक केलें असेल. आणि उलटही झालें असेल. म्हणूनच मला वाटतें कीं, गाऱ्हाणें कोणाचें खरें हा निवाडा मैदानावर करूंच नये. पाहावयाचें तें निषेधाचा प्रकार काय आणि त्याची किंमत कोण भरतो हें. निषेध खेळ संपल्यावर किंवा खेळास धक्का न लावतां झाला काय? करणाऱ्यानें तो स्वतःच्याच देहानें, स्वतःच्याच नुकसानीची तयारी ठेवून केला काय? दुसऱ्या खेळाडूचा खेळ त्यानें हिरावला नाहीं ना? व्हेरा या कसोटीस उतरते आणि स्मिथ-कार्लोसही उतरतात. तरी एक कबूल केलें पाहिजे. लारिसा पेत्रिक ही एकोणीस वर्षांची मुलगी होती. रणगाडे तिनें पाठविले नव्हते. तिच्या आयुष्यांतील आनंदाच्या क्षणावर शेजारच्या त्या वळलेल्या मानेची छाया पडली. नॉर्मनला आधीं विचारण्यांत आलें होतें. तिला विचारण्याची सवड कोणास नव्हती. मूक निषेधही अगदींच फुकट होत नाहीं, आणि त्याची थोडी किंमत कधीं कधीं निरपराधासही द्यावी लागते. हें लक्षांत घेऊनही मी व्हेराच्याच बाजूचा आहें.

क्रिकेटच्या रसिकांस २००३ सालच्या विश्वचषक स्पर्धेंतील एक सामना आठवत असेल. १० फेब्रुवारी रोजीं हरारे येथें नामिबियाविरुद्ध खेळतांना झिंबाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा, एक गोरा आणि एक काळा, दंडावर काळी फीत बांधून मैदानांत उतरले. आपल्या देशांत लोकशाहीचा मृत्यु झाला असून आपण तिचें सुतक पाळीत आहोंत, असें त्यांनीं एका पत्रकानें जाहीर केलें. सामना नेहमीसारखा झाला. एकही चेंडू त्या फितीमुळें कमी पडला नाहीं. त्या स्पर्धेनंतर दोघांपैकीं कोणीही झिंबाब्वेकडून पुन्हां खेळला नाहीं आणि दोघांसही देश सोडून इंग्लंडांत राहावें लागलें. सुतकाची फीत ही कल्पना आपल्याकडील माणसास समजावून सांगावी लागत नाहीं. घरांत मयत असतां कोणी पंक्तीस येऊन मुकाट्यानें गोड पदार्थ वर्ज्य केला, तर यजमानाचा अपमान झाला असें आपण मानीत नाहीं.

बहिष्काराची जात याहून निराळी आहे. तेथें खेळच होत नाहीं, आणि किंमत बहुधा ज्यानें निर्णय घेतला तो न देतां खेळाडू देतो. १९८० सालीं मॉस्कोवर आणि १९८४ सालीं लॉस एंजेलिसवर जे बहिष्कार पडले, त्यांनीं अनेक खेळाडूंचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. सैन्यें कोठें मागें सरल्याचें दिसलें नाहीं. पण दक्षिण आफ्रिकेचें प्रकरण मी या मापानें मोजणार नाहीं. तेथें खेळाडू निवडतांनाच कातडीचा रंग पाहत. म्हणजे विष खेळाच्या आंतच कालविलेलें होतें. केपटाऊन येथें जन्मलेला बेसिल डॉलिव्हेरा गोरा नव्हता, म्हणून त्यास जन्मभूमीकडून खेळतां येईना. तो इंग्लंडकडून खेळूं लागला आणि १९६८ सालीं इंग्लंडच्या संघांत त्याची निवड झाली, तर आफ्रिकेच्या सरकारनें तो संघच स्वीकारण्याचें नाकारलें. अशा ठिकाणीं खेळावयाचें नाकारणें म्हणजे खेळाचाच नियम पाळणें होय.

त्याची किंमत आपल्याही खेळाडूंनीं दिली आहे. १९७४ सालीं डेव्हिस चषकाच्या टेनिस सामन्यांत भारतानें सोव्हिएत संघास पुण्यांत हरवून अंतिम फेरी गांठली. पुढें गांठ दक्षिण आफ्रिकेशीं होती. भारतानें खेळण्याचें नाकारलें आणि चषक न खेळतांच आफ्रिकेकडे गेला. विजय अमृतराज आणि त्यांचे सोबती ऐन भरांत होते; ती संधी गेल्याची हळहळ विजय यांनीं पुढें बोलून दाखविली आहे. तो चषक भारतास आजवर मिळालेला नाहीं. निर्णय योग्य होता असें मी मानतों. पण ज्यांनीं रॅकेट खालीं ठेविली त्यांची आठवण आपण त्या मानानें फारच थोडी ठेविली, हेंही तितकेंच खरें. वर्णभेदाचें तें राज्य मोडूं लागल्यावर, १९९१ सालच्या नोव्हेंबरमध्यें, दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ पुन्हां आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरला तो कलकत्त्यास, भारताविरुद्ध.

आणि १९७२ सालीं म्यूनिक येथें इझ्राएलच्या अकरा माणसांचे प्राण घेणारा जो प्रकार घडला, त्याचा या चर्चेशीं संबंध नाहीं. ती हत्या होती. निषेधाविरुद्ध बोलतांना कांहीं लोक म्यूनिकचें नांव घेतात, तें अप्रामाणिक आहे.

ऑलिंपिकच्या घटनेंतील ५० वा नियम राजकीय, धार्मिक वा वांशिक निदर्शनास मनाई करतो. २०२१ सालच्या टोकियोच्या सामन्यांपूर्वीं तो थोडा सैल करण्यांत आला: खेळ सुरू होण्याआधीं मैदानावर आपलें मत शांतपणें दाखविण्यास हरकत नाहीं, असें ठरलें, आणि स्त्रियांच्या फुटबॉल सामन्यांत खेळाडूंनीं गुडघा टेकून वर्णद्वेषाचा निषेध केलाही. चौथरा मात्र वर्ज्यच राहिला. याचा अर्थ, स्मिथ आणि कार्लोस यांची कृति त्या सुधारलेल्या नियमानेंही गुन्हाच ठरली असती. आणि गंमत अशी कीं, २०१९ सालीं अमेरिकेच्या ऑलिंपिक संस्थेनें याच दोघांस आपल्या गौरवमालिकेंत सन्मानानें बसविलें. जें कृत्य पन्नास वर्षांनीं भूषण म्हणून मिरवावयाचें, तें आज करणाऱ्यास शिक्षा ठेवावयाची, हा व्यवहार मला समजत नाहीं. जोंवर चौथऱ्यावर ध्वज आणि गीत आहे, तोंवर तेथें मान खालीं घालण्याची मुभा असावी. तें कोणास खपत नसेल, तर ध्वज आणि गीत दोन्ही काढून नुसतें पदक द्यावें. त्यासही माझी ना नाहीं.

पीटर नॉर्मनची कथा मात्र सांगावयाची राहिली. १९७२ सालच्या सामन्यांसाठीं ऑस्ट्रेलियाच्या पथकांत त्याची निवड झाली नाहीं. ती मेक्सिकोमुळें झाली नाहीं कीं अन्य कारणानें, याविषयीं तेथें अद्याप वाद आहे. २०.०६ सेकंदांचा त्याचा राष्ट्रीय विक्रम २०२४ सालच्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षें, कोणास मोडतां आला नाहीं. २००६ सालीं तो वारला, तेव्हां टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस अमेरिकेहून आले आणि त्याच्या शवपेटीस त्यांनीं खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या लोकसभेनें त्याची जाहीर क्षमा मागितली ती २०१२ सालीं.

कॅलिफोर्नियांतील ज्या विद्यापीठांत स्मिथ आणि कार्लोस शिकले, तेथें २००५ सालीं त्या क्षणाचें शिल्प उभारण्यांत आलें. चौथऱ्यावर दोघांच्याच मूर्ति आहेत. दुसऱ्या क्रमांकाची जागा नॉर्मनच्या इच्छेवरून मोकळी ठेवली आहे. ज्यास वाटेल त्यानें तेथें उभें राहावें, असें त्याचें म्हणणें होतें. तें पाहावयास येणारे विद्यार्थी त्या पायरीवर चढून उभे राहतात.